क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दावा : समन्स आल्यावर काय करावे?

पूर्वी वाण्याच्या दुकानी उधारीची वही असे. महिनाअखेरीस वाणी ती उघडी करी, गिऱ्हाईक आपल्या आठवणीशी ताडून पाही आणि एखादी नोंद खटकली तर तेथेच बोलाचाली होऊन हिशेब मिटे. क्रेडिट कार्डाने ही वही बँकेच्या संगणकात नेली. बिल थकले की व्याज, विलंबशुल्क आणि कर यांच्या नोंदी तेथे आपोआप होत राहतात. मग दूरध्वनी सुरू होतात, वसुली प्रतिनिधी येतात आणि एके दिवशी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहतो.

अशा वेळी पुष्कळ कार्डधारक समन्स कपाटात ठेवून देतात. काहींना लोकलज्जा वाटते. काहींना वाटते की, पैसे तर आपणच वापरले, मग न्यायालयात सांगणार काय? हा विचार समजण्यासारखा असला तरी तो महागात पडतो. आपण बँकेचे काही देणे लागतो हे एक विधान झाले आणि आपण दाव्यात लिहिलेली नेमकी रक्कम देणे लागतो हे दुसरे. दुसरे विधान सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. मात्र प्रतिवादी गप्प राहिला तर बँकेला फारसे काही सिद्ध करावेच लागत नाही. म्हणून समन्सला मुदतीत उत्तर देणे हा या प्रकरणातील सर्वांत मोठा बचाव होय.

हाती आलेला कागद कोणता?

प्रथम कागद नीट वाचावा. बँकेच्या वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिला लेखी उत्तर देणे हिताचे असते. परंतु उत्तर न दिल्याने लगेच हुकूमनामा होत नाही.

लोकअदालतीची नोटीस हा वेगळा प्रकार. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकअदालत केवळ उभयपक्षी संमतीने प्रकरण मिटवू शकते. संमती नसताना ती निर्णय लादू शकत नाही, की अटकेचा हुकूम काढू शकत नाही. तेथे जाऊन बोलणी करण्यात तोटा नाही. मात्र सही करण्यापूर्वी विचार करावा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नसते.

कार्डाच्या करारात लवादाची अट असेल तर लवादाची नोटीस येते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण लवादाच्या निवाड्याचीही हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी होते. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने स्वतःच्या मर्जीने एकमेव लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये अमान्य केले. अशी नेमणूक झाली असल्यास हरकत लेखी व तात्काळ नोंदवावी.

धनादेश न वटल्याचे कलम १३८ खालील प्रकरण फौजदारी न्यायालयात चालते. त्याचा मार्ग आणि मुदती वेगळ्या आहेत. केवळ कार्डाचे देणे थकणे हा गुन्हा नाही, ही गोष्ट अटकेच्या धमक्या ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

दिवाणी दाव्याच्या समन्सवर न्यायालयाचे नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते व सोबत वादपत्राची प्रत असते. शंका असल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा क्रमांक अथवा पक्षकाराचे नाव घालून खातरजमा करता येते. वीस लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेचे बँकेचे प्रकरण ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जाते. कार्डाचे बहुतेक दावे त्या मर्यादेच्या खाली असल्याने दिवाणी न्यायालयातच येतात.

दहा दिवस की तीस दिवस?

यानंतरचा प्रश्न मुदतीचा. वादपत्राच्या शीर्षकात ‘दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३७’ असा उल्लेख आहे काय, हे पाहावे. असल्यास तो संक्षिप्त, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘समरी’ दावा होय. लेखी करारावर आधारलेल्या ठराविक रकमेच्या वसुलीसाठी ही जलद पद्धत आहे.

समरी दाव्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत स्वतः किंवा वकिलामार्फत न्यायालयात हजेरी नोंदवावी लागते व आपला पत्ता द्यावा लागतो. त्याच दिवशी वादीच्या वकिलाला तशी सूचना द्यावयाची असते. समन्स ३ जूनला मिळाले तर १३ जून हा शेवटचा दिवस. हजेरी नोंदविली नाही तर वादपत्रातील कथने मान्य केली असे धरले जाते आणि बँकेला हुकूमनामा मिळण्याचा हक्क प्राप्त होतो.

हजेरीनंतर बँक दुसरे समन्स बजावते; त्याला ‘निर्णयासाठीचे समन्स’ म्हणतात. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रासह ‘बचावाची परवानगी’ मागावी लागते. या प्रतिज्ञापत्रात बचावाची वस्तुस्थिती तपशिलाने मांडावी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात याचे निकष पुन्हा मांडले. बचावात तथ्य असेल, किंवा वाजवी बचाव पुढे येऊन तपासण्याजोगा प्रश्न उभा राहत असेल, तर सामान्यतः विनाअट परवानगी मिळावी. बचावाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका असेल तर रक्कम भरण्यासारखी अट घालता येते. बचाव पोकळ असेल तर परवानगी नाकारली जाते. रकमेचा काही भाग मान्य असेल तर तेवढा भाग न्यायालयात भरावा लागतो. पुरेशा कारणासाठी दोन्ही टप्प्यांवरील विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पण त्यावर विसंबू नये.

आदेश ३७ चा उल्लेख नसेल तर तो साधा दावा. त्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत दाखल करावयाची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दावा वाणिज्यिक न्यायालयात असेल तर कमाल मर्यादा १२० दिवसांची असून त्यानंतर कैफियत स्वीकारण्याचा अधिकार न्यायालयालाही राहत नाही. वाणिज्यिक दाव्यात तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरविले. तो टप्पा वगळला गेला आहे काय, हेही तपासावे.

समन्स नाकारू नये

बेलिफाला परत पाठविले किंवा टपाल घेतले नाही की दावा पुढे सरकत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. समन्स नाकारल्याचा शेरा आला की न्यायालय ते बजावले गेले असे मानू शकते. पत्ता सापडत नसेल तर समन्स घराच्या दारावर चिकटविण्याचा अथवा वृत्तपत्रात जाहीर करण्याचा मार्गही खुला असतो. घर बदललेल्यांच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण बँकेकडे जुनाच पत्ता असतो. ज्यांची थकबाकी जुनी आहे त्यांनी बँकेला नवा पत्ता लेखी कळवावा आणि अधूनमधून ई-कोर्ट्सवर आपल्या नावाचा शोध घ्यावा.

कैफियत कशी असावी?

‘वादीचे म्हणणे खोटे आहे व ते मान्य नाही’ एवढ्या एका वाक्याने काम भागत नाही. संहितेच्या आदेश ८ प्रमाणे वादपत्रातील जी वस्तुस्थिती स्पष्टपणे नाकारलेली नसते ती मान्य केली असे धरले जाते. म्हणून वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर द्यावे. जे खरे आहे ते मान्य करावे, जे ठाऊक नाही ते ठाऊक नसल्याचे सांगावे आणि जे अमान्य आहे ते का अमान्य, हे तारीख व रकमेसह लिहावे. उदाहरणार्थ, ‘१२ मार्च रोजीचा १८,००० रुपयांचा व्यवहार प्रतिवादीने केलेला नाही, १४ मार्च रोजी तशी लेखी तक्रार बँकेकडे दिली असून तिची पोच सोबत जोडली आहे’ हे खरे उत्तर झाले.

स्वतःची सही किंवा स्वतः केलेली खरेदी नाकारण्याचा मोह टाळावा. कैफियत सत्यापनासह दिली जाते. एका खोट्या विधानामुळे उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

बँकेने काय दाखल केले आहे, हेही पाहावे. कार्डाचा अर्ज, अटी व शर्ती, संपूर्ण काळाची मासिक विवरणपत्रे आणि भरणा केलेल्या रकमांच्या नोंदी हे मूळ कागद होत. अनेकदा केवळ शेवटचे विवरणपत्र जोडलेले असते व त्यात ‘मागील बाकी’ म्हणून एकच मोठी रक्कम येते. ती बाकी कशी झाली, याचा तपशील मागण्याचा प्रतिवादीला पूर्ण हक्क आहे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली खातेउताऱ्याची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालते, पण संगणकीय उताऱ्यासोबत विहित प्रमाणपत्रे लागतात. शिवाय केवळ हिशेबाच्या वहीतील नोंद ही कोणावर देणे लादण्यास पुरेशी नसते, हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. दावा मूळ बँकेऐवजी कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीने केला असेल तर आपले नेमके खाते तिच्याकडे हस्तांतरित झाल्याचा दस्तऐवज तिने दाखविला पाहिजे.

हिशेबाची तपासणी

एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखावेत : प्रत्यक्ष खरेदी, व्याज, विलंबशुल्क व इतर शुल्के, कर आणि आपण भरलेल्या रकमा. प्रत्येक विवरणपत्र त्यात उतरवून काढले की दाव्याच्या रकमेत मुद्दल किती, हे कळते. ५०,००० रुपयांच्या बाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज चढत राहिले आणि ते दरमहा बाकीत मिळविले गेले, तर तीन वर्षांत ती बाकी सुमारे १,७२,५०० रुपये होते. शुल्के आणि कर यांतच मिसळले गेले तर आकडा आणखी फुगतो.

नेमक्या या ठिकाणी रिझर्व्ह बँकेचे नियम उपयोगी पडतात. २१ एप्रिल २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनी असे घालून दिले की, न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारू नये. विलंबशुल्क देय तारखेनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवरच आकारावे, संपूर्ण बिलावर नव्हे. मागणी नसताना पाठविलेल्या कार्डाचे, स्पष्ट संमतीविना ते सुरू करून बिल लावले गेले असेल, तर शुल्क परत करून त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यावा. आपल्या विवरणपत्रांचा काळ आणि त्या काळी लागू असलेला नियम यांची सांगड घालून मुद्दा मांडावा. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला होता. वेळेत तक्रार केलेल्यांना त्याचा आधार घेता येतो.

व्याजाच्या दराविषयी मात्र भ्रम नसावा. वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. बँकिंग विनियमन कायद्याचे कलम २१-अ देखील केवळ व्याज जास्त आहे या कारणास्तव न्यायालयांना हिशेब नव्याने उघडू देत नाही. म्हणून ‘दर अन्यायकारक आहे’ यापेक्षा ‘ही आकारणी करारात नाही’ किंवा ‘ही आकारणी नियमाविरुद्ध आहे’ असा मुद्दा अधिक टिकतो. दावा दाखल झाल्यानंतरच्या काळातील व्याजाचा दर ठरविण्याबाबत मात्र संहितेच्या कलम ३४ खाली न्यायालयाला स्वेच्छाधिकार आहे. तेथे आजारपण, नोकरी जाणे अशा परिस्थितीचे कागद जरूर मांडावेत.

मुदतीचा व अधिकारक्षेत्राचा मुद्दा

अशा वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा आहे. तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची हे कराराच्या अटी व खात्याचे स्वरूप यांवर अवलंबून असते. म्हणून शेवटची खरेदी, शेवटचा भरणा व पहिली थकबाकी या तीनही तारखा वकिलाला द्याव्यात. कोविडच्या साथीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या गणनेतून वगळला आहे, हेही हिशेबात धरावे.

मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी देणे कबूल केले, किंवा धनादेशासारख्या स्वतःच्या सहीच्या नोंदीने काही रक्कम भरली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावरही देणे फेडण्याचे लेखी व सहीचे वचन दिले तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरू शकते. ‘निदान हजार रुपये भरा, एका कागदावर सही करा’ या आग्रहामागचा हा अर्थ जुन्या थकबाकीच्या कार्डधारकांनी ओळखावा.

अधिकारक्षेत्राची हरकतही पहिल्याच संधीला घ्यावी लागते. प्रतिवादी जेथे राहतो, नोकरी वा व्यवसाय करतो, अथवा दाव्याचे कारण जेथे पूर्णतः किंवा अंशतः घडले, तेथे दावा चालतो. नाशिकच्या कार्डधारकावर दूरच्या शहरात दावा झाला असेल तर करारातील अधिकारक्षेत्राची अट व प्रत्यक्ष व्यवहाराचे ठिकाण तपासावे. हरकत असली तरी तेथे हजर होणे टाळू नये.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर

साध्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाल्यास तो रद्द करण्यासाठी आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, हे दाखवावे लागते. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची. समन्स योग्य रीतीने बजावलेच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवस. समरी दाव्यात आदेश ३७, नियम ४ खाली ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. रुग्णालयाचे कागद, घरबदलाचा भाडेकरार यांसारखे पुरावे अर्जासोबतच जोडावेत.

तडजोड

हिशेब तपासून झाला व देणे बऱ्याच अंशी खरे असेल तर तडजोडीत कमीपणा नाही. हजेरी नोंदवून कैफियत दिलेल्या प्रतिवादीशी बँक वेगळ्या पातळीवर बोलते, हे मात्र खरे. एकूण रक्कम, हप्ते व तारखा, हप्ता चुकल्यास काय आणि दाव्याचे पुढे काय होणार, हे सारे लेखी व उभयतांच्या सहीचे असावे आणि ते तडजोडपत्र न्यायालयात दाखल व्हावे. पैसे कार्डाच्या खात्यातच भरावेत; प्रतिनिधीच्या हाती रोख देऊ नये. ‘येणे बाकी नाही’ असे पत्र घ्यावे. कमी रकमेत मिटविलेले खाते पतअहवालात पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळ्या शेऱ्याने दिसते व पुढील कर्जाच्या वेळी ते अडचणीचे ठरते, याची जाणीव ठेवावी. दाव्याचा निकाल देताना पुरेशा कारणासाठी हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. हुकूमनाम्यानंतर मात्र त्यासाठी बँकेची संमती लागते. म्हणून ही विनंती आधीच करावी.

हुकूमनाम्यानंतर

हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत दाखल करता येते. तिच्यात बँकेतील ठेवी व मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पगारापैकी पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग मात्र कलम ६० प्रमाणे जप्तीपासून सुरक्षित असतो. ४०,००० रुपये वेतनातून त्यामुळे दरमहा जास्तीत जास्त १३,००० रुपये जप्त होऊ शकतात व एका हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. भविष्यनिर्वाह निधी, आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांनाही संरक्षण आहे. दिवाणी कैदेची तरतूद संहितेत आहे. परंतु केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात धाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अटक करता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही, या कारणाने कोणी गप्प बसू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार व ठराविक उत्पन्नमर्यादेतील नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. समन्स मिळाल्या दिवशी त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, लिफाफा जपून ठेवावा, बँकेकडे सर्व विवरणपत्रांची लेखी मागणी करावी आणि वकिलाकडे किंवा या कार्यालयात दुसऱ्याच दिवशी जावे. दहा दिवसांच्या मुदतीत पहिले दोन-तीन दिवस चिंतेत गेले तर तयारीला फार थोडा वेळ उरतो.